हिवाळ्यात मासा गळाला का लागत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीला कृष्णेवर लहानपणापासून गळ टाकलेला, जूनपासून नोकरीनिमित्त इंग्लंडात नॉटिंगहॅममध्ये. रॉडचं लायसन्स काढलं, शहरातल्या कालव्यावर जायला लागलात. सप्टेंबरपर्यंत रोच, पर्च, मधूनच एखादा ब्रीम असे मासे लागत होते. नोव्हेंबरच्या मध्यापासून काहीच नाही. मक्याचे दाणे, मॅगट (माशीच्या अळ्या), पेलेट (दाबून केलेल्या चाऱ्याच्या गोळ्या) सगळं बदलून पाहिलं. आता कोणतं आमिष लावू, की मार्चपर्यंत रॉड कपाटात ठेवू? शिवाय शेवटी विचारलंय की इथे पकडलेला मासा घरी नेऊन खाता येतो का.

रॉड कपाटात ठेवू नका. आणि आमिषाचा विचार थोडा वेळ बाजूला ठेवा. तुम्हीच लिहिलंय की गेल्या गेल्या किलोभर चारा कालवून त्याचे संत्र्याएवढे गोळे पाण्यात टाकता, आणि बसायची जागा उन्हाळ्यातलीच आहे: पुलापासून लांब, मोकळी, कोणी त्रास न देणारी. तुमची सगळी अडचण या दोन वाक्यांत आहे. जानेवारीत त्या मोकळ्या जागेवर बहुतेक मासाच नसतो, आणि असला तर तुमचा पहिला गोळा संपेपर्यंत त्याचं दिवसभराचं जेवण आटोपलेलं असतं.

माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो. ऑगस्टमध्ये १८ अंशांच्या पाण्यात जो रोच दिवसभर चरत होता, तो ५ अंशांच्या पाण्यात दिवसातून तास-दोन तासच तोंड उघडतो, आणि खाल्लेलं पचायला त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. कृष्णेत हे कधी जाणवत नाही, कारण आपल्याकडचा डिसेंबरसुद्धा इथल्या पाण्याच्या हिशेबात उन्हाळाच आहे. ‘जास्त चारा, जास्त मासे’ हा तिथला अनुभव इथे नोव्हेंबरपासून उलटा पडतो.

दुसरं म्हणजे, हवेचं तापमान बघून निघू नका, पाण्याचं बघा. साधा थर्मामीटर दोरीला बांधून दोन-तीन मिनिटं पाण्यात सोडा आणि प्रत्येक वेळी आकडा लिहून ठेवा. आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. चार दिवस ५ अंशांवर स्थिरावलेल्या पाण्यात मासे लागतात. परवा ९ होतं आणि आज ६ झालंय, अशा पाण्यात लागत नाहीत, जरी ६ हे ५ पेक्षा जास्त असलं तरी. म्हणून मोसमातली पहिली कडक हिमरात्र सगळ्यात वाईट. तशाच थंडीचा सलग पाचवा दिवस मात्र बरा असतो. तोवर माशाने जुळवून घेतलेलं असतं. नैर्ऋत्येचा दमट, ढगाळ वारा दोन दिवस वाहिला, थोडा पाऊस झाला आणि पाणी ४ वरून ६ वर आलं, तर ऑफिसातून रजा काढायला हरकत नाही. बर्फ वितळून पाणी येत असेल तर मात्र घरी बसा. ते पाणी गार असतंच, वर रस्त्यांवर टाकलेलं मीठ घेऊन येतं, आणि त्या दिवशी नदीवरचे जुनेजाणतेही रिकाम्या हाताने परततात.

‘थंडीत खोल पाणी उबदार असतं’ हे वाक्य तुम्हाला बारा जण सांगतील. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून खोल, निश्चल तळ्यात वर बर्फ असताना तळाशी ४ अंश टिकतात. तिथे हे खरं आहे. पण वाहत्या नदीत पाणी सतत ढवळलं जातं, वर-खाली तापमान जवळपास एकच. आणि कालवा मध्यभागीसुद्धा कमरेएवढा किंवा थोडा जास्त, त्याला खोली कसली? तिथे मासा मध्यावरच्या खोल पट्ट्यात जातो तो उबेसाठी कमी आणि लपायला जास्त. हिवाळ्यात बोटी थांबतात, गाळ बसतो, पाणी काचेसारखं नितळ होतं, पाणवनस्पती मरून गेलेल्या असतात. अशा उघड्या पाण्यात त्याला वरून कॉर्मोरंट दिसतो. समुद्रकाठचे हे पाणकावळे थंडीत मोठ्या संख्येने आतल्या नद्या-कालव्यांवर येतात आणि रोचच्या थव्यांची धूळधाण करतात. हिवाळ्यात मासा कुठे सापडेल याचं उत्तर मी बहुतेक वेळा या पक्ष्याकडे बघून शोधतो: तो जिथे उतरायला कचरतो, तिथे मासे.

म्हणजे शहरात. पुलांखाली, कायम नांगरलेल्या बोटींच्या आसपास, मरीनाच्या, म्हणजे बोटी लावायच्या गोदीच्या, तोंडाशी, गोदामाच्या जुन्या भिंतींच्या कडेला, समोरच्या काठावर पाण्यात झुकलेल्या काटेरी झुडपांखाली, लांब बोटी वळवण्यासाठी कालवा रुंद केलेला असतो तिथे. उन्हाळ्यात मैलभर पसरलेले मासे थंडीत अशा तीस-चाळीस फुटांत गोळा होतात, आणि मधला सगळा कालवा रिकामा. नॉटिंगहॅमचा कालवा तर ऐन शहराच्या पोटातून जातो. तुम्ही शांततेसाठी शहराबाहेर जाताय आणि मासे बरोबर उलट्या दिशेला आलेत. कालवे सांभाळणारा कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट हिवाळ्यातच लॉकची (बोटी वर-खाली नेणाऱ्या दरवाज्यांची) दुरुस्ती काढतो, त्यासाठी काही टप्प्यांतलं पाणी उतरवतात. अशा कामाची सूचना त्यांच्या संकेतस्थळावर असते. जायच्या आधी बघा, नाहीतर चिखलासमोर बसायची वेळ येईल.

मासे शोधायची माझी पद्धत फुकटातली आहे. वारा पडलेल्या संध्याकाळी, अंधारायच्या अर्धा तास आधी, रॉड न घेता टोपाथवरून, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेने, दोन मैल चालायचं. अगदी ४ अंशांच्या पाण्यातही रोच त्या वेळी वर येऊन पृष्ठभागाला तोंड लावतात. बारीक वर्तुळं उठतात, पाऊस पडायला लागल्यासारखी. जिथे उठली तिथे शनिवारी बसायचं. ही एक फेरी नव्या आमिषांवर घातलेल्या पैशांपेक्षा जास्त कामाची.

आता कालव्यावर प्रत्यक्ष काय करायचं. मासेमारीच्या मॅच खेळणारे अकरा-तेरा मीटरचे कार्बन पोल वापरतात, त्यांची किंमत ऐकून धाप लागते. तुम्हाला चार-पाच मीटरचा व्हिप पुरे. रीळ नाही, टोकाला बांधलेली, काठीएवढीच लांब दोरी. आपल्याकडच्या बांबूच्या गळकाठीचा हा कार्बनमधला धाकटा भाऊ समजा. हात बसलेला असेलच.

दोरी मात्र कृष्णेवरची नको. गळाजवळची दोरी ०.०८ ते ०.१० मिलिमीटर, गळ २० किंवा २२ नंबर, बिनकाट्याचा. फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, ०.१ ते ०.२ ग्रॅम पेलणारा, आणि त्याचं टोक पाण्यावर जेमतेम दिसेल इतपत शॉट (दोरीवर चिमटायचे वजनाचे बारीक गोळे) लावून बुडवलेला. थंडीतला रोच फ्लोट ओढून नेत नाही. टोक तांदळाच्या दाण्याएवढं खाली जातं आणि तिथेच थांबतं. कधी फ्लोट स्थिरावायला नेहमीपेक्षा क्षणभर जास्त वेळ लागतो, तोही चावाच. तुम्ही जाड फ्लोट घेऊन बसला असाल तर मासा येऊन गेल्याचं कळलंही नसेल.

शॉटबद्दल एक कायद्याची गोष्ट इथेच सांगतो. गावाकडून आणलेल्या शिशाच्या गोळ्या वापरू नका. हंस त्या गिळून मरत, म्हणून १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे. आठ नंबर आणि त्याहून बारीक शॉट शिशाचे चालतात, मोठे सगळे दुसऱ्या धातूचे.

बसलात की आधी खोली मोजा. गळाला छोटं वजन लावून तुमच्यासमोरचा तळ कुठे उतरतो, कुठे सपाट होतो ते बघा. कालव्याचा छेद साधारण सारखाच: जवळ एक उथळ पायरी, मग उतार, मध्ये बोटींचा खोल पट्टा, पलीकडे पुन्हा चढ आणि उथळ पायरी. थंडीत उताराचा पायथा, जिथे खोल पट्टा सुरू होतो, तिथून सुरुवात करा. आमिष तळाला टेकलेलं, दोरी खोलीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर जास्त. तरंगतं आमिष ऑगस्टसाठी राखून ठेवा.

आणि आता तुमचा आवडता विषय, आमिष. माझं मत विचाराल तर हिवाळ्यातल्या नितळ कालव्यावर पहिला तास साध्या पांढऱ्या पावाचा. बाजारातला सगळ्यात स्वस्त स्लाइस ब्रेड घ्या. कडा काढून मिक्सरमधून फिरवा आणि चाळणीने चाळा. पाणी घालायचं नाही, पावात असतो तेवढा ओलावा पुरे. हा झाला चारा. सुपारीएवढा गोळा हलक्या हाताने दाबून सोडला की तो खाली जाता जाता फुटतो आणि पांढरा ढग होऊन पसरतो. माशाला दिसतं भरपूर, पोटात जातं जवळपास काहीच नाही. थंडीत हेच हवं असतं. गळासाठी ताज्या स्लाइसवर लाटणं हलकेच फिरवा आणि पंचने चार-पाच मिलिमीटरची चकती कापा. पंच दुकानात स्वस्तात मिळतो. चकतीच्या कडेतून गळ घाला. पाण्यात ती फुगते आणि गळ झाकला जातो. दर वेळी गळ टाकताना नवी चकती.

सुरुवातीला असा एकच गोळा. हो, एकच. त्यावर मासे लागत राहिले तर दुसरा टाकायची घाई नको. लागायचे थांबले की दहा मिनिटं वाट बघून सुपारीपेक्षाही लहान गोळा. पावावरचे मासे झटपट येतात आणि तास-दीड तासात ओसरतात. त्यासाठी पहिल्यापासूनच तीन-चार मीटर बाजूला दुसरी जागा तयार ठेवायची: तिथे अधूनमधून आठ-दहा पिंकी, बाकी काही नाही. पिंकी म्हणजे हिरव्या माशीच्या बारीक अळ्या, मॅगटच्या निम्म्या. स्क्वॉट त्याहून बारीक, घरमाशीच्या. पाव संपला की या जागेवर एक पिंकी लावून जायचं. पर्च आणि गजन तिथे सापडतात, बरेचदा दिवसातला सगळ्यात मोठा रोचही. मॅच खेळणारे ब्लडवर्म आणि जोकर, म्हणजे डासासारख्या न चावणाऱ्या चिलटांच्या लाल अळ्या वापरतात. याहून जबरदस्त आमिष थंडीत नाही, पण महाग, नाजूक, आणि काही क्लबांत त्यावर बंदी आहे. पहिल्या हिवाळ्यात त्यात पडू नका.

तुमचे मक्याचे दाणे आणि पेलेट बॅगेतून काढून टाका. मॅगट चालतात, पण दुकानदार देतो ते पिंटभर मॅगट दिवसाला संपवायचे नसतात. कालव्यावर चौथाई पिंट उरून परत आले तर बरोबर मापात होतात असं समजा.

दिवसही लहान. डिसेंबरच्या शेवटी इथे सूर्य सव्वाआठच्या सुमाराला उगवतो आणि चारच्या आधी मावळतो. पहाटे पाचला अलार्म लावून गारठत बसण्यात काही अर्थ नाही. दहाला पोचा. अकरा ते दोन बरा काळ, आणि शेवटचा अंधुक प्रकाशाचा पाऊण तास सगळ्यात चांगला. नितळ पाण्यात तर बहुतेक मोठे मासे मी तेव्हाच पाहिलेत. लोक नेमके त्याआधी सामान आवरतात. मधे एखादी बोट गेली तर चरफडू नका. ती गाळ उठवते, पाणी गढूळ होतं, आणि त्यानंतरची वीस मिनिटं माशाला धीर येतो. कालव्यावर पातळ बर्फ धरलं असेल तर फोडत बसण्यापेक्षा पुलाखालची उघडी जागा शोधा. आणि बर्फावर पाय ठेवायचा नाही, कितीही जाड दिसलं तरी.

एवढं सगळं कालव्याबद्दल. पण माझा स्वतःचा जीव नदीवर आहे, आणि तुमच्या दाराशी ट्रेंट आहे. व्हिक्टोरिया एम्बँकमेंटच्या दगडी पायऱ्या हिवाळ्यातल्या रोचसाठी जुन्या नावाजलेल्या. तिथून चालत गेलं की ट्रेंट ब्रिजचं मैदान, जिथे २००७ मध्ये आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने कसोटीत नऊ बळी घेतले होते. मासे लागत नसतील तेव्हा मनात ती गोलंदाजी पुन्हा बघायला जागा चांगली आहे.

ट्रेंटबद्दल जुनं काही वाचलंत तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. या नदीकाठी एकेकाळी कोळशाच्या वीजकेंद्रांची रांग होती, आणि त्यांच्या कोमट पाण्याने जानेवारीतही मासे चरत. ती एकेक करून बंद झाली. शेवटचं रॅटक्लिफ-ऑन-सोर ३० सप्टेंबर २०२४ ला, आणि ते सगळ्या ब्रिटनमधलंच शेवटचं कोळसा केंद्र होतं. तेव्हाच्या हिवाळी पराक्रमांचे किस्से आवडीने वाचा, पण आजच्या थंडगार ट्रेंटवर त्यांचा हिशेब लावू नका.

नदीवर पहिला प्रश्न पातळीचा. नदीची पातळी सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या बघता येते. चढती नदी नको, माशासाठीही नाही आणि तुमच्यासाठीही नाही. पूर येऊन गेलाय, पाणी उतरतंय, चहाचा रंग फिका होत चाललाय आणि काठाशी फूट-दीड फुटापर्यंत दिसायला लागलंय, त्या दिवशी जा. यापेक्षा गढूळ असेल तर प्रवाह सोडून काठालगतचं संथ पाणी, वळणाची आतली बाजू, ओढ्याचं तोंड अशा जागा बघा. पुरात सगळे मासे तिथे आडोशाला येतात. तिथे मोठं गांडूळ किंवा पावाचा लगदा लावून तळाला टाकायचं, कारण त्या पाण्यात त्याला दिसत नाही, वासावर यावं लागतं.

पाणी बरं असेल तर स्टिक फ्लोट. चार मीटरचा रॉड, साधं रीळ, तीन पौंडांची दोरी, १८ किंवा २० नंबरचा गळ, एक किंवा दोन मॅगट. शॉट शर्टाच्या गुंड्यांसारखे सारख्या अंतरावर, गळाकडे बारीक होत गेलेले. प्रवाहात वेगवान आणि संथ पाण्याची जी शिवण दिसते, तिच्या आतल्या अंगाने फ्लोट सोडायचा. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून फ्लोट मोकळा सोडला तर आमिष तळाशी अनैसर्गिक वेगाने ओढलं जातं. दोरीवर बोट ठेवून फ्लोट किंचित रोखत न्यायचा, मधूनच क्षणभर थांबवायचा. थांबवलं की आमिष तळावरून जरा उचलतं, आणि थंडीतले निम्मे चावे त्या उचलण्यावरच येतात. शब्दांत हे जमणार नाही. पायऱ्यांवर जाऊन एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थाच्या मागे उभे राहा, हात बघा. हवापाण्याबद्दल दोन शब्द बोललात की तो आपणहून शिकवायला लागेल.

नदीवर चारा कालव्यापेक्षा जास्त चालतो, कारण प्रवाह तो पुढे नेतो आणि मासे त्या वासाने वर चढत येतात. पण तिथेही प्रत्येक वेळी गळ टाकताना दहा-बारा मॅगट, आणि दर वेळी न चुकता. एकदम मूठभर टाकून अर्धा तास थांबायचं, असं नाही. पहिला तासभर काही लागलं नाही तरी ताल मोडू नका.

आणि ज्या दिवशी सगळं गोठलेलं आहे, पाणी ४ अंशांच्या खाली आहे, बाकी कोणताही मासा तोंड उघडणार नाही, त्या दिवशी चब. हा मासा हिवाळ्याचा खरा सोबती. ट्रेंटपेक्षा सोरसारख्या लहान नदीवर तो शोधायला सोपा. ओढणीसारख्या लोंबणाऱ्या फांद्यांत कचरा अडकून तरंगता गठ्ठा झालेला असतो, त्याच्या खाली तो बसलेला असतो. सामान कमी घ्या: रॉड, नेट, खिशात पाव. पाच-सहा अशा जागा हेरून प्रत्येकीत भिजवलेल्या पावाचा लहानसा गोळा टाका आणि पुढे चला. मग पहिल्या जागेवर परत येऊन पावाच्या मऊ गराचा अंगठ्याएवढा तुकडा ६ नंबरच्या गळावर, दोरी पाच-सहा पौंडांची, दोन-तीन मोठे शॉट, बस्स. प्रत्येक जागेवर वीस मिनिटं. एका जागेवर एक मासा मिळाला की तिथून उठा. चीजची कणीक करून लावणारेही आहेत. ती गार पाण्यात दगडासारखी होते आणि गळ आत अडकून राहतो, म्हणून मळताना थोडं तेल घालून घरी वाटते त्यापेक्षा बरीच मऊ ठेवायची.

बार्बल आणि कार्पच्या मागे हिवाळ्यात लागू नका. कोमट पुरानंतरचे दोन-चार दिवस सोडले तर तो वेळ फुकट. पाईक मात्र याच मोसमाचा मासा, आणि तुम्ही आमच्या मरळीचा भाऊबंद म्हणून त्याबद्दल विचारलंय. दिसायला राकट, पण गळ काढताना चुकलं तर हातात मरणारा मासा आहे. तारेचा ट्रेस (दातांनी तुटू नये म्हणून गळाआधी लावायची तार), लांब चिमटा, ओली चटई हे सगळं लागतं, आणि पहिले काही मासे जाणत्या माणसासोबतच. एकट्याने नको. एवढंच.

मासा हाताळण्याचंही थंडीत वेगळं असतं. हवा शून्याखाली असताना मासा बाहेर ठेवला तर त्याच्या कल्ल्यांना इजा होते. हात आधी पाण्यात बुडवा, लोकरी हातमोज्याने माशाला शिवू नका, गळ पाण्यालगतच काढा. फोटो काढायचाच असेल तर फोन आधी तयार ठेवा.

स्वतःची काळजीही घ्या. बूट एक मापाने मोठे, आत दोन मोजे आणि तरी बोटं हलतील इतकी जागा. घट्ट बुटात पाय आधी गोठतात. पायांखाली पाट किंवा जाड रबर टाका, गारठा जमिनीतून चढतो. मंकी कॅपची लाज बाळगू नका, इथे कोणी बघत नाही. रॉडच्या कड्यांत बर्फ जमलं तर टोक पाण्यात बुडवून सोडवा, ओढून नाही. पोल किंवा लांब रॉड असेल तर वर विजेच्या तारा आहेत का ते बघूनच बसा. कार्बनमधून वीज जाते, आणि तारांपासून निदान ३० मीटर लांब राहायचं असा इथला दंडक आहे. पाण्यात पडलातच तर पहिलं मिनिट पोहण्याची धडपड करायची नाही. गार पाण्याने श्वास तुटतो, तो परत येईपर्यंत पाठीवर तरंगत राहायचं, मग काठ गाठायचा. कृष्णेत पोहणाऱ्यालाही हा नियम लागू.

आणि लेप्टो. मुंबईच्या पावसाळ्यात ज्याची भीती घालतात तोच आजार इथेही कालव्याकाठच्या उंदरांमुळे होतो. बोटाला चीर असेल तर झाका, आणि डबा उघडण्याआधी हात स्वच्छ करा. मॅगटची पुरचुंडी आणि पोळीभाजी एका पिशवीत नको, हे वेगळं सांगायला नको.

राहिले नियम. लायसन्स आहे म्हणजे कुठेही बसता येतं असं नाही. त्या पाण्याचा क्लब किंवा मालक कोण ते पाहून दिवसाचं तिकीट किंवा वर्षाचं सभासदत्व घ्यावं लागतं. लायसन्स बरोबर ठेवा. विनालायसन्स सापडल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. नद्या १५ मार्च ते १५ जून बंद असतात, १६ जूनची मोसमाची सुरुवात इथल्या मंडळींना दिवाळीसारखी. १५ जूनलाही बसू नका, तो बंदीचाच शेवटचा दिवस. बहुतेक कालवे मात्र बारा महिने उघडे, त्यामुळे नदी बंद झाल्यावर तुमचा व्हिप आहेच.

खाण्याचं विचारलंत, त्यावर कायदा असा: नदीतून दिवसाला २० सेंटिमीटरपर्यंतचे १५ लहान मासे, ६५ सेंटिमीटरपर्यंतचा एक पाईक, आणि ३० ते ३८ सेंटिमीटरचे दोन ग्रेलिंग नेता येतात, तेही मालकाची हरकत नसेल तर. कालव्यातून मालकाच्या परवानगीशिवाय एकही नाही. ईल सापडली तर ती सगळीकडेच परत सोडायची. पण खरं सांगायचं तर क्लबच्या पाण्यावर मासा पिशवीत घातलात की सभासदत्व त्याच दिवशी गेलं म्हणून समजा. इथे परत सोडणं हाच रिवाज. शिवाय रोचमध्ये इतके काटे की सांगलीकराचीसुद्धा फजिती होईल. कालवणाची हौस येईल तेव्हा बाजारातून सुरमई आणा, इथल्या आशियाई दुकानांत गोठवलेली मिळते.